इथलं इथे काहीच नाही!

ऑकलंड शहराला दोन समुद्र आहेत. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाची जमीन जिथे अगदी चिंचोळी होते, नेमकं तिथे हे शहर वसलंय. एका जागी तर या समुद्राची खाडी आणि त्या समुद्राची खाडी यांच्यात जेमतेम सव्वा किलोमीटर जमीन उरते. पूर्वी माओरी लोक आपल्या होड्या इथे पाण्याबाहेर ओढायचे आणि पलीकडच्या खाडीत नेऊन सोडायचे. पूर्वेला प्रशांत महासागर आहे, पण समोर बेटांचा आडोसा असल्यामुळे तिकडचं पाणी शांत. वाळू फिकी, लाटा लहान, शिडांच्या होड्या आरामात चाललेल्या. पश्चिमेला मात्र टास्मान समुद्र. तिकडे किनाऱ्यावर उभं राहून समोर बघितलंत, तर थेट ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हणजे सुमारे दोन हजार किलोमीटर, मध्ये काही म्हणजे काही नाही!

मला सांगायचंय ते या पश्चिमेच्या समुद्राबद्दल. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर पिहा नावाचं गाव आहे. माझी बहीण ऑकलंडला राहते. तिच्या मुलाबरोबर मी पिहाला गेले आणि आल्यापासून मला त्याबद्दल कोणाशी तरी बोलायचंच आहे. तर आता तुमच्याशी बोलते.

वाट वायटाकेरे नावाच्या डोंगरांतून जाते. घनदाट जंगल, झाडाएवढे उंच नेचे, आणि कौरी नावाचे प्रचंड वृक्ष. कौरी हजार वर्षांहून जास्त जगू शकतो, पण सध्या तो संकटात आहे. मातीतला एक सूक्ष्म जीव त्याच्या मुळांवर हल्ला करतो, आणि ही माती माणसांच्या बुटांना चिकटून एका रानातून दुसऱ्या रानात जाते. म्हणून पायवाटांच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि जंतुनाशकाचे फवारे ठेवलेत. शाळेतली मुलंसुद्धा न सांगता तिथे थांबतात आणि बूट नीट घासूनच पुढे जातात. मला ते फार आवडलं.

शेवटचं वळण संपलं की खाली एकदम किनारा दिसतो. काळाभोर! मध्यभागी एक अवाढव्य खडक उभा आहे, शंभर मीटर उंच. त्याचं नाव लायन रॉक, कारण लांबून तो बसलेल्या सिंहासारखा दिसतो. गाडीतून उतरताना भाचा म्हणाला, "मावशी, चपला काढू नकोस हं. पाय भाजतील." तिकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. आणि काळी वाळू ऊन शोषून घेते, त्यामुळे दुपारी ती इतकी तापते की अनवाणी माणसं पाण्याकडे चालत जात नाहीत, पळत जातात.

वारा तर असा, की गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागला.

भाच्यानं लगेच एक खेळ काढला. "या किनाऱ्यावरची इथली गोष्ट कुठली आणि बाहेरून आलेली कुठली, ते ओळखायचं." मला वाटलं, सोपं आहे. वाळू इथली, लाटा इथल्या, वारा इथला. तो नुसता हसला आणि त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं.

चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं वाळूवरून फिरवलं. पिशवीला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या! कारण ही वाळू लोखंडाची आहे. तिच्यात टायटॅनोमॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं, म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि थोडं टायटॅनियम. आणि ती पिहाची नाहीच मुळी. इथून अडीचशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला तारानाकी नावाचा ज्वालामुखी आहे, २५१८ मीटर उंच. त्याच्या उद्रेकांतून बाहेर पडलेला खडक पावसानं आणि नद्यांनी झिजवला आणि त्याचे कण समुद्रात नेऊन टाकले. पुढचं काम लाटांचं. इथे लाटा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरक्या येतात. वर येताना त्या वाळूचा कण थोडा उत्तरेकडे ढकलतात, परत जाताना तो सरळ खाली घरंगळतो. पुढची लाट त्याला पुन्हा थोडा उत्तरेला. असं तिरकं-सरळ, तिरकं-सरळ करत कण प्रवास करतो. एका लाटेत वीतभर, हातभर. पण लाटा कधी सुट्टी घेत नाहीत ना!

मग किनारा इतका काळा का? तारानाकीहून काय फक्त काळेच कण निघाले? नाही, हलके, फिके कणही भरपूर निघाले. पण लोखंडाचा कण साध्या वाळूच्या कणापेक्षा पावणेदोन पटीहून जड असतो. परतणारं पाणी हलके कण उचलून नेतं आणि जड मागे राहतात. भरती ओसरल्यावर ओल्या वाळूत काळ्या-करड्या नक्षीचे पट्टे दिसतात, ते या निवडीचेच. हे पट्टे बघत मी बराच वेळ ओणवी उभी होते. पाणी इतकं नेमकं निवडू शकतं, हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांसमोर घडताना बघणं वेगळंच.

या वाळूपासून पोलादही होतं, बरं का! एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या युरोपी लोकांनी किनारे भरून लोखंड पडलेलं बघितलं आणि भट्ट्या पेटवल्या. पण टायटॅनियममुळे भट्टीतला रस घट्ट होऊन बसायचा, आणि एकामागून एक प्रयत्न फसले. वेगळी पद्धत शोधून काढायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. मग ऑकलंडच्या दक्षिणेला ग्लेनब्रूक इथे कारखाना उभा राहिला. वायकाटो नदीच्या मुखाजवळची वाळू पाण्यात कालवायची आणि १८ किलोमीटर लांबीच्या नळीतून कारखान्यात पाठवायची, अशी तिथली युक्ती.

आता तुमच्यापैकी कोणी रत्नागिरीचं असेल, तर ते मघापासून अस्वस्थ झालं असेल. "अहो, आमच्याकडे पण आहे की!" आहेच. रत्नागिरीला मांडवीच्या बाजूला काळा समुद्र आणि पलीकडे पांढरा समुद्र, एकाच गावात. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही खनिजं असतात. सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा झालाय, तो बेसॉल्टसुद्धा लाव्हा थंड होऊनच बनला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा! तेव्हा पुढच्या खेपेला मांडवीला जाताना चुंबक बरोबर न्या. पिशवीत घालायला विसरू नका, नाहीतर चुंबकाला चिकटलेले कण काढता काढता रात्र होईल.

सरकणारी वाळू भल्याभल्या खलाशांना चकवते. पिहाच्या दक्षिणेला मानुकाऊ खाडीचं तोंड आहे. तिथे पाण्याखाली वाळूचे दांडे आहेत आणि ते जागा बदलत राहतात. ७ फेब्रुवारी १८६३ रोजी 'ऑर्फियस' नावाची ब्रिटिश युद्धनौका तिथे शिरत होती. जवळचा नकाशा जुना, आणि मधल्या काळात वाळू हललेली. जहाज रुतलं, लाटांनी ते फोडलं आणि २५९ पैकी १८९ माणसं बुडाली. न्यूझीलंडच्या समुद्रावरचा तो आजवरचा सगळ्यात मोठा अपघात. खाडीच्या त्याच तोंडाशी व्हाटिपू नावाची जागा आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे समुद्र कड्याच्या पायथ्याला लागत होता. आज कडा आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचं भलंमोठं मैदान आहे, दलदल आहे, पक्षी आहेत. नवी जमीनच तयार झालीय.

वाळू बाहेरची ठरली. मी म्हटलं, "बरं, वारा तरी इथला?"

पृथ्वीचा गोल असेल तर घ्या. नसेल तर नकाशाही चालेल. दक्षिण गोलार्धात ४० अंशांच्या रेषेवरून बोट फिरवा. आफ्रिका खंड ३५ अंशांच्या आतच संपतो. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमीही ४० अंश गाठत नाही. बोट जवळजवळ सगळा वेळ पाण्यावरूनच जातं. वाटेत लागते ती दक्षिण अमेरिकेची शेपटी, छोटंसं टास्मानिया आणि न्यूझीलंड. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना इथे अडवणारं कोणी नाही, म्हणून ते पृथ्वीला फेऱ्या घालत सुसाट सुटतात. शिडांच्या जहाजांचे खलाशी या पट्ट्याला 'गरजणारे चाळीस' म्हणत. पिहा आहे ३७ अंशांवर, म्हणजे या पट्ट्याच्या अगदी उंबऱ्याशी. तिथली पोहुतुकावाची झाडं सगळी डोंगराच्या बाजूला वाकून वाढलेली आहेत. समुद्राकडच्या बाजूची कोवळी पालवी खारट वाऱ्यानं करपते, आडोशाची वाढते, आणि वर्षानुवर्षं असं झालं की झाडच कलतं.

हाच वारा लाटांच्या शेंड्यांवरून पाण्याचे तुषार उडवतो. तुषार सुकले की मिठाचे बारीक कण हवेत तरंगत राहतात, आणि वर गेल्यावर त्यांच्याभोवती बाष्प जमून ढगांचे थेंब होतात. वारा वायटाकेरेच्या डोंगरांवर चढतो, थंड होतो आणि पाऊस पाडतो. या डोंगरांत पाच धरणं आहेत, त्यांतलं पहिलं १९१० सालचं. त्यांचं पाणी ऑकलंडच्या नळांना येतं. सह्याद्रीही अरबी समुद्राच्या वाऱ्याला असाच वर चढवतो आणि मुंबईचे तलाव भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता लाटा. इथे मला जरा जास्त वेळ द्या, कारण माझ्या मते या किनाऱ्यावरची सगळ्यात नवलाची गोष्ट हीच आहे.

लाट आली म्हणजे पाणी आलं, असं आपल्याला वाटतं. पण फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तरंगणारा एखादा समुद्रपक्षी बघा. लाट त्याच्याखालून जाते. तो वर होतो, थोडा पुढे सरकतो, खाली येतो, थोडा मागे सरकतो, आणि जवळजवळ होता तिथेच असतो. भाताच्या शेतावरून वाऱ्याची लाट धावते तेव्हा भात कुठे धावतो? खोल समुद्रात पाणीही असंच जागच्या जागी गोल फिरतं. प्रवास करते ती वाऱ्यानं दिलेली ऊर्जा.

वारा जितका जोराचा, जितका जास्त वेळ आणि जितक्या लांबवर पाण्यावरून वाहील, तितक्या लाटा मोठ्या. दक्षिण महासागरात वादळं होतात तेव्हा तिन्ही गोष्टी जुळून येतात. वादळात सगळ्या आकाराच्या लाटांची खिचडी असते. मग त्या बाहेर पडतात आणि त्यांची शर्यत सुरू होते. लांब लाटा वेगवान, आखूड लाटा संथ. ज्या लाटेचे दोन शेंडे एकाच जागेवरून १४ सेकंदांच्या अंतरानं जातात, ती खोल समुद्रात ताशी ७८ किलोमीटर वेगानं धावते आणि तिच्या दोन शेंड्यांमध्ये तीनशे मीटर अंतर असतं! लाटांचा सबंध थवा मात्र निम्म्याच वेगानं पुढे सरकतो, कारण सगळ्यात पुढची लाट विरत जाते आणि मागे नवी उभी राहते. तरी दिवसाला नऊशे किलोमीटर होतातच. म्हणजे पिहाला वारा पडलेला असतानाही समोर मोठमोठ्या लाटा येत असतील, तर तीन-चार दिवसांपूर्वी हजारो किलोमीटरवर कुठेतरी वादळ होऊन गेलेलं असतं. त्या वादळाची बातमी आता आपल्या पायाशी पोचते.

हे खरं कशावरून? १९६३ साली वॉल्टर मुंक या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत, आख्ख्या प्रशांत महासागरात, त्यांनी ओळीनं लाटा मोजणारी उपकरणं ठेवली. वाटेत एका जागी बेटच नव्हतं. मग तिथे त्यांनी 'फ्लिप' उभं केलं. उभं केलं म्हणजे खरोखरच उभं! १०८ मीटर लांबीचं हे जहाज एका टोकात पाणी भरून समुद्रात सरळ उभं राहायचं, आणि त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली गेल्यामुळे लाटांनी ते फारसं हलायचं नाही. दक्षिणेतल्या वादळांच्या लाटा एकेका ठिकाणी नोंदवल्या गेल्या आणि शेवटी दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून अलास्काला पोचल्या. वाटेत त्यांची ताकद फारशी कमी झालीच नव्हती.

पिहाला पोचल्यावर मात्र लाटेच्या पायाला तळ लागतो. तिचा वेग कमी होतो, मागच्या लाटा जवळ येतात, उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट-दीडपट उरली की लाट तोल जाऊन कोसळते. हा कोसळण्याचा क्षण पकडून फळीवर उभं राहायचं, यालाच सर्फिंग म्हणतात. १९५८ साली बिंग कोपलँड आणि रिक स्टोनर हे दोन अमेरिकी जीवरक्षक आपल्या फळ्या घेऊन पिहाला आले. फळी लाटेवर तिरकी वळवत नेणं इथल्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि थोड्याच काळात गावातले लोक तशा फळ्या स्वतः बनवू लागले. न्यूझीलंडमधलं आजच्या पद्धतीचं सर्फिंग असं या काळ्या किनाऱ्यावर रुजलं. म्हणजे सर्फिंगही बाहेरून आलेलं!

भाचा पाण्याकडे निघाला तेव्हा मी लाटा शांत दिसणाऱ्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं. "तिथे जाऊ या, तिथे लाटा नाहीत." तो म्हणाला, "मावशी, तिथेच तर जायचं नसतं!" तिकडच्या मुलांना हे शाळेतच शिकवतात. लाटा किनाऱ्याशी जे पाणी आणून टाकतात, त्याला परत जायला वाट हवी. ते वाळूच्या दांड्यांमधल्या खोल जागेतून एकवटून बाहेर वाहतं. खोल पाण्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तो पट्टा शांत दिसतो. कधी कधी या प्रवाहाचा वेग सेकंदाला दोन मीटरहून जास्त असतो. ऑलिंपिकमधला पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकणार नाही. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. जीव जातो तो घाबरून उलट पोहत दमल्यामुळे. सापडलात तर पाठीवर तरंगा, हात वर करा, मदत मागा. प्रवाह पुढे मंदावतो, मग लाटा फुटत असतील त्या बाजूनं किनाऱ्याकडे या.

पिहाला जीवरक्षकांचा क्लब आहे, १९३४ सालापासूनचा. हवेनं फुगवलेल्या मोटरबोटी घेऊन ते लाटांत घुसतात. लाल-पिवळे दोन झेंडे लावतात आणि त्यांच्यामध्येच पोहायचं, हा नियम. गोव्यातही जीवरक्षक झेंडे लावतात. आपल्या कोकणात अनेक किनाऱ्यांवर झेंडा आणि जीवरक्षक दोन्ही नसतात, आणि दर पावसाळ्यात सहलीला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. म्हणून नीट ऐका. स्थानिक कोळी "आत जाऊ नका" म्हणाले, तर जायचं नाही. त्यांना त्या किनाऱ्याची वाळू आणि पाणी ठाऊक असतं.

पिहाच्या उत्तरेला मुरीवाई नावाचा किनारा आहे. तिथल्या कड्यावर गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे. ऑगस्ट ते मार्च या काळात सुमारे बाराशे जोड्या तिथे घरटी करतात. घरटी इतकी जवळ, की शेजाऱ्याला चोच लागेल. पांढरं अंग, पिवळसर डोकं, पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर. मासा दिसला की हा पक्षी उंचावरून पंख मागे घेऊन पाण्यात झेपावतो, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं! नाकात पाणी जाऊ नये म्हणून त्याला बाहेरून उघड्या नाकपुड्याच नसतात, आणि धक्का सोसायला मानेत-छातीत कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात. जोडीला एकच अंडं होतं. ते ऊब द्यायला छातीखाली घेत नाहीत, पायांच्या पडद्याखाली धरतात.

पिल्लू पंधरा आठवड्यांचं झालं की कड्यावरून उडी घेतं. त्याची पहिलीच मोठी भरारी कुठे? थेट टास्मान समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलिया! कोणी शिकवायला नाही, आई-बाबा बरोबर नाहीत. काही वर्षं तिकडे काढायची आणि मग परत येऊन याच कड्यावर घरट्यापुरती जागा मिळवायची. सगळीच पिल्लं परतत नाहीत. परतलेल्या पक्ष्यांकडे बघताना मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

माणसंही बाहेरूनच आली. सुमारे सातशे वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज होड्यांतून हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आले. तारे, पक्षी, ढग तर ते वाचायचेच, पण लाटाही वाचायचे. होडी कशी हलते त्यावरून कुठल्या दिशेच्या लाटा आहेत, हे त्यांना अंधारातही कळे. वायटाकेरेच्या या भागाशी 'ते कावेराऊ आ माकी' या माओरी लोकांचं जुनं नातं आहे. लायन रॉकवर माओरींची तटबंदीची वस्ती होती.

आणि भाच्याच्या खेळात 'इथला' ठरला तो हा लायन रॉकच. सुमारे एक कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथेच ज्वालामुखी होता, आणि हा खडक त्याचा झिजून उरलेला भाग. मी तो सगळ्यात शेवटी ओळखला.

आता तुमच्यासाठी काम. दक्षिण महासागराच्या लाटा फक्त न्यूझीलंडला जातात असं नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळ झालं, तर त्या आपल्याकडेही येतात. केरळात कधी कधी वारा नाही, पाऊस नाही, आणि समुद्र घरांत घुसतो. तिथले कोळी त्याला 'कळ्ळक्कडल' म्हणतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था अशा लाटांची आगाऊ सूचना देते.

पावसाळा सोडून कधीही, मोठ्या माणसाबरोबर, किनाऱ्यावर कोरड्या जागी घड्याळ घेऊन बसा. लांबवरचा एखादा खडक किंवा नांगरलेली होडी हेरा. तिच्यापाशी लाटेचा शेंडा आला की घड्याळ सुरू करा आणि त्यानंतरचा दहावा शेंडा आला की थांबवा. सेकंदांना दहानं भागा. उत्तर चौदा-पंधरा आलं, तर ती लाट फार लांबून आलीय. उत्तराला साडेपाचनं गुणलंत की खोल समुद्रात ती ताशी किती किलोमीटर धावत होती, तेही कळेल. हिवाळ्यात कोकणात सहा ते आठ सेकंदांच्या लाटा वायव्येकडून येताना दिसल्या, तर त्या अरबस्तानाकडच्या 'शमाल' वाऱ्यांच्या असू शकतात. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या लाटा रत्नागिरीपर्यंत येताना नोंदवल्या आहेत. तारीख, वेळ आणि सेकंद वहीत लिहून ठेवा, आणि लाट कुठून आली असेल ते नकाशावर शोधा.